गळ्यात अभ्रक घालून सोलापूर

सोलापूरहून परत आले तेव्हा सगळ्यांनी एकच विचारलं, चादर आणली का? नाही आणली. जाताना माझ्याकडे आवळ्याएवढा काळा दगड होता, येताना त्याचा नखाएवढा तुकडा उरला होता. मधल्या काळात एका घरात त्याची पूजा झाली आणि दोन बायकांना त्याच्यापायी उपास घडला. हे फोनवर कुणाला समजावून सांगणं मला जमलं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

दगड म्हणजे काळा अभ्रक. वहीच्या पानांसारखे एकावर एक थर असलेलं खनिज. या पानांना एकमेकांशी धरून ठेवतं ते त्यांच्यामधलं पोटॅशियम. दोन पानं ओढून वेगळी केली की मधलं पोटॅशियम कुणाकडे जातं? निम्मं या पानाकडे आणि निम्मं त्या पानाकडे, असं पुस्तकं म्हणतात. माझ्या या विशिष्ट दगडाच्या बाबतीत ते खरं आहे की नाही, यावर माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण उभं आहे. ते मोजायला एक मोठं यंत्र लागतं. ते दगडावर क्ष-किरण सोडतं, त्यामुळे अगदी वरच्या काही अणूंच्या थरांतून इलेक्ट्रॉन उडून बाहेर येतात आणि त्यांच्यावरून तिथे कोणतं मूलद्रव्य किती आहे ते कळतं. यंत्राला फक्त वरचा पापुद्रा दिसतो. त्यामुळे पापुद्र्याला बोट लागलं तर यंत्र बोटाचा घाम मोजत बसतं.

आमच्याकडचं यंत्र बंद पडलं होतं. सोलापूरच्या एका प्रयोगशाळेत मला दोन दिवस मिळाले होते, गुरुवार आणि शुक्रवारी दुपारी चारपर्यंत. शनिवारपासून दुसरे लोक येणार होते आणि पुढची तारीख थेट दिवाळीनंतरची होती. प्रबंध द्यायची मुदत जूनमध्ये संपत होती. दगड एकच होता. माझ्या गाईड मॅडमनी तो देताना सांगितलं, "हरवलास तर परत येऊ नकोस." त्या विनोद करत नाहीत.

म्हणून मी दगड छोट्या गोल स्टीलच्या डबीत ठेवला, डबी कापडी पिशवीत, पिशवी ओळखपत्राच्या नाडीला आणि नाडी गळ्यात, सगळं कुर्त्याच्या आत.

बुधवार

प्रयोगशाळेच्या विश्रामगृहात माझी खोली होती, पण तिथे युवक महोत्सवाचे लोकनृत्याचे परीक्षक उतरले होते. माझ्या खोलीच्या दाराला आतून कुणीतरी ढोलकी टेकवून ठेवली होती, दार उघडेना. यंत्र चालवणारे शिवशरण सर मला न्यायला आले होते. त्यांनी दार दोनदा ढकलून बघितलं आणि म्हणाले, "चला घरी. मिसेस आणि मुलं अक्कलकोटला गेल्यात. आमची अव्वा आहे, आई."

मला अनोळखी घरी राहायची भीती वाटते. तसं सांगायचं होतं, पण तोवर त्यांनी माझी बॅग गाडीवर बांधली होती.

मार्च होता. ऊन उतरलं तरी रस्ता तापलेला. कडुलिंबाखाली रसवंतीचं गुऱ्हाळ, शेजारच्या दुकानात तेलुगूत घासाघीस चाललेली, सिग्नलला रिक्षावाला दखनीत कुणाला तरी समजावतोय आणि सर फोनवर आईशी कन्नडमध्ये बोलतायत. इंग्रजी शाळेत आम्हाला मराठी बोलल्याबद्दल दंड व्हायचा. इथे एका सिग्नलला आमचा अख्खा वर्ग दंडात निघाला असता.

अव्वा दारातच उभ्या होत्या. सडसडीत, पासष्टीच्या, चष्मा दोरीने गळ्यात आणि दुसऱ्या दोऱ्यात एक चांदीची छोटी डबी. मला वाटलं, गोळ्या ठेवत असतील.

"ऊटा आयता?" त्यांनी विचारलं. मी बघत राहिले. "जेवन झालं का, विचारतीय. न्हाई झालं. तोंडावरून कळतंय. ये."

आमच्या घरी पाहुण्याला आधी प्रवास कसा झाला ते विचारतात. इथे आधी ताट येतं, प्रवासाचं तुम्ही घास गिळता गिळता सांगायचं. कडक भाकरी आली. ती इतकी कडक की मोडताना आवाज झाला आणि मी दचकून "सॉरी" म्हटलं. त्यावर शेंगाचटणी, त्यावर दही.

"मी पण एक्सरेवालीच," अव्वा म्हणाल्या. "सरकारी दवाखान्यात तीस वर्षं. शिवशरण सांगतो, तू एक्सरे काढायला आलीस. कुनाचा?"

"दगडाचा."

त्यांनी चष्मा नाकावर चढवला. "दगडाचं काय मोडलंय?"

हात धुवायला वाकले तशी माझी पिशवी कुर्त्यातून बाहेर आली आणि नळाखाली झुलायला लागली. भिजू नये म्हणून अव्वांनी पटकन हात पुढे केला.

"हात लावू नका!" मी ओरडले. महिनाभरात इतक्या मोठ्याने मी काही बोलले नव्हते.

अव्वांनी हात मागे घेतला. रागावतील असं वाटलं, तर त्यांनी चक्क हात जोडले. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. मग आवाज एकदम मऊ झाला. "शिवशरण म्हनला, आडनाव पाटील. कुटले पाटील म्हनायचे तुमी?"

"पुण्याचे."

"हायत की, पुण्यात पण आपले लई हायत."

मला वाटलं, सोलापूरचे लोक म्हणत असतील. मी म्हटलं, हो, खूप आहेत.

गुरुवार

शिवशरण सर पंप सुरू करायला साडेसहालाच निघून गेले. मी अंघोळ करून बाहेर आले तर देवघरासमोर दोन पाट मांडलेले. एकावर अव्वा, दुसरा रिकामा. रिकाम्या पाटासमोर पाण्याचं भांडं, बेलाची पानं, फुलं, विभूती.

"बस. पूजेआधी कुनी खात न्हाई आपल्यात."

अव्वांनी गळ्यातली चांदीची डबी उघडली. आत गोळ्या नव्हत्या. काळं, गुळगुळीत इष्टलिंग होतं. त्यांनी ते डाव्या तळहातावर घेतलं आणि माझी वाट बघत थांबल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं. गळ्यात डबी, अंगाला लागलेली, दुसऱ्याने हात लावायचा नाही, आणि आडनाव पाटील. सोलापुरात याचा अर्थ लिंगायत असा होतो, ते त्या क्षणी मला एकदमच कळलं.

तिथेच सांगायला हवं होतं. वाक्य तयारही होतं, पण इंग्रजीत. त्याचं मराठी होईपर्यंत अव्वांनी माझ्या बाजूला आणखी एक फूल सरकवलं होतं.

दगडाला उघडा हात लावणं शक्यच नव्हतं. मी बॅगेतून निळे हातमोजे काढून घातले. मग चिमटा काढला. डबी उघडली आणि चिमट्याने दगड उचलून निळ्या तळहातावर ठेवला. हे सगळं मी शक्य तितक्या भक्तिभावाने केलं, कारण भीतीने माझा चेहरा तसाच दिसत होता.

अव्वांचा चष्मा नाकावरून खाली आला. "तीस वर्षं दवाखान्यात काढली," त्या हळूच म्हणाल्या, "असले हातमोजे फक्त ऑपरेशनला बघितले. देवासाठी घालनारी पहिलीच तू."

"सवय आहे," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

पाणी मी लांबूनच फिरवलं. बेलाचं पान शेजारी ठेवलं. आता निभावलं असं वाटत असताना अव्वा म्हणाल्या, "आनि विभूती?" मी काही करायच्या आत त्यांनी चिमूटभर विभूती घेतली आणि हातभर उंचीवरून, दगडाला बोटसुद्धा लागू न देता, अलगद सोडली. दुसऱ्याच्या लिंगाला स्पर्श न केल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग माझ्या कपाळावर तीन आडवी बोटं ओढली आणि धपाटे वाढले. ते इतके चांगले होते की मी तीन खाल्ले. गुन्हा केल्यावर भूक लागते, हे मला माहीत नव्हतं.

प्रयोगशाळेत शिवशरण सरांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. "अरे वा. तुम्ही पण आपल्यातल्या?"

मी मान हलवली. कोणत्या दिशेने हलली, ते मलाही कळलं नाही.

वरची पानं काढून टाकली की विभूती जाईल, असा माझा हिशेब होता. पण अभ्रकाच्या कडा जुन्या वहीच्या कोपऱ्यांसारख्या सुटलेल्या असतात आणि राख बारीक असते. ती पानांच्या मधे शिरली होती. मी एक थर काढला, यंत्रात घातला आणि तासाभराने पडद्यावर आलेख उमटला.

"कॅल्शियम?" सर पुढे वाकले. "यात कॅल्शियम नसतं ना?"

"नसतं."

दुसरा थर काढला. पुन्हा कॅल्शियम. तिसरा काढला, पुन्हा तेच. विभूती म्हणजे शेणाची राख, तिच्यात कॅल्शियमबरोबर पोटॅशियमही असतं, म्हणजे जे मोजायला आले होते नेमकं तेच भेसळीचं. दुपारी तीनपर्यंत माझा आवळा बोराएवढा झाला होता आणि यंत्र मोठ्या प्रामाणिकपणे अव्वांची विभूती मोजत होतं.

"कुठून येतंय हे?" सरांनी तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा मी सगळं सांगितलं. जमिनीकडे बघत सांगितलं, पण सांगितलं.

ते स्टुलावर बसले. आधी खूप हसले. मग हसू थांबलं. "अव्वाला कोण सांगणार?"

"तुम्ही?"

"मी?" त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. झाडाखाली एक लाल मोटरसायकल होती. "ती घेऊन चार महिने झाले. घरी मी अजून जुन्या गाडीवरून जातो. अव्वाला काही सांगणं माझ्याकडून होत नाही, मॅडम."

शेवटी आम्ही दोन भित्र्या माणसांना सुचेल तेवढंच केलं. दगड घरी न्यायचाच नाही. यंत्राच्या बाहेरच्या छोट्या कक्षात हवा काढून घेतलेली असते, तिथे तो रात्रभर सुरक्षित राहील. दगड नाही तर पूजा नाही. मी रिकामी डबी गळ्यात घालून घरी गेले आणि जेवताना काही बोलले नाही. सरही बोलले नाहीत. अव्वांना वाटलं, आम्ही दमलोय.

शुक्रवार

सकाळी बाहेर आले तर पाट चार होते. शेजारच्या दोघी हातमोज्यांची पूजा बघायला आल्या होत्या. एकीने आपल्या सुनेसाठी मोजे कुठे मिळतात ते विचारलं.

"आज पूजा नाही," मी म्हणाले. "म्हणजे, ते इथे नाही."

"काय न्हाई?"

"प्रयोगशाळेत आहे. यंत्रात. काल तिथेच ठेवलं."

शेजारणींनी एकमेकींकडे बघितलं. मी फार शांत घरात वाढले आहे, शांततेचे प्रकार मला कळतात. ही मी आधी कधी ऐकलेली नव्हती. अव्वांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्यातल्या डबीकडे गेला.

"अंगावेगळं केलंस?" त्या म्हणाल्या. "रातभर?"

आता सांगायलाच हवं होतं, पण शेजारणींसमोर ते अव्वांना कसं वाटेल, हे मनात आलं आणि मी पुन्हा गप्प बसले. अव्वा उठल्या. "ते गळ्यात येईपर्यंत तू पानी पन प्यायचं न्हाईस. आनि पाहुनी उपाशी असताना मी खाते व्हय? चल." त्यांनी डबा भरला, आतून चपला आणल्या आणि पाच मिनिटांत आम्ही रिक्षात होतो.

"अम्मा, इत्ती सुबू कां?" रिक्षावाल्याने विचारलं, म्हणजे इतक्या सकाळी कुठे.

"पोरीचा देव मशिनीत अडकलाय," अव्वा म्हणाल्या. "हान लवकर."

त्याने आरशातून माझ्याकडे अतिशय सहानुभूतीने बघितलं आणि खरंच जोरात हाणली.

शिवशरण सरांनी आईला दारात बघितलं आणि त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. अव्वांनी न सांगता बुटांवरचे प्लास्टिकचे कव्हर चपलांवर चढवले, ती सवय त्यांची जुनीच होती. कक्षाला एक जाड काचेची गोल खिडकी आहे. त्यांनी आत वाकून बघितलं. दगड दिव्याखाली काळा चमकत होता. त्यांनी हात जोडले.

"काढ आनि गळ्यात घाल," त्या म्हणाल्या.

मी फारसं बोलत नाही, त्यामुळे बोलण्याचा क्रम लावायचा सराव मला नाही. जे सगळ्यात शेवटी, हळुवारपणे सांगायचं, तेच माझ्या तोंडून पहिलं निघालं.

"अव्वा, मी त्याचे दोन तुकडे करणार आहे."

अव्वांनी मुलाकडे बघितलं. "काय म्हनली ही?"

शिवशरण सर दाबमापकाकडे बघत राहिले.

मग मी सगळं सांगितलं. ते लिंग नाही. अभ्रक आहे. मी तुमच्यातली नाही, पाटील आहे पण दुसरी. परवा रात्रीच सांगायला हवं होतं, काल सकाळी सांगायला हवं होतं, चूक माझी आहे, तुमची नाही.

"मग काल पूजा केलीस ती?"

"तुम्ही पाट मांडला होता. मला नाही म्हणता आलं नाही."

"नाही म्हनता येत न्हाई म्हनून कुनी पूजा करतं?"

अव्वा खुर्चीवर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे की प्रयोगशाळेतल्या थंड हवेने तसं दिसतंय, हे मी नीट बघायचं धाडस केलं नाही.

"तुझा दगड होता, तर गळ्यात कशाला?" त्यांनी विचारलं.

"हरवू नये म्हणून."

त्यांची बोटं स्वतःच्या डबीवरून फिरत होती. "ते बरोबर हाय," शेवटी म्हणाल्या. "ते मला कळतं." मग मुलाकडे वळल्या. "तुला कवा कळलं?"

"काल दुपारी."

"आनि रात्री मी भाकरी वाढत होते तवा तोंड शिवलं होतं काय तुझं?"

सरांनी खाली पडलेला स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"किती वेळ हाय मशिनीवर?" अव्वांनी मला विचारलं.

"चार वाजेपर्यंत. मग दिवाळीनंतर. तोपर्यंत माझी मुदत संपलेली असेल."

"मग बसलाय काय दोघं? मी नंतर रागावते. आदी फोटो काढा."

नायट्रोजन भरलेली एक पारदर्शक पिशवी असते. तिला मोजे जोडलेले असतात, बाहेरून हात घालून आत काम करायचं. मी आधी कात्रीने दगडाच्या सगळ्या सुटलेल्या कडा कापून टाकल्या. प्रत्येक कापाला मागून अव्वांचा श्वास ऐकू येत होता, आणि ते संपेपर्यंत दुपारचा एक वाजून गेला. मग वर चिकटपट्टी लावली, पात्याच्या टोकाने कोपरा सोडवला आणि ओढली. पान अर्ध्यावर फाटलं. पृष्ठभागावर पायरी तयार झाली. निकामी.

आता जेमतेम एकदा सोलता येईल एवढीच जाडी उरली होती. माझे हात थरथरायला लागले. मोजे मोठे होते, त्यामुळे थरथर दुप्पट दिसत होती. सर म्हणाले, पाहिजे तर दहा मिनिटं थांबू. त्यांचाही आवाज थरथरत होता.

तेवढ्यात मागून एक वेगळाच आवाज आला. सपाट, ठाम, कुणाशीही ओळख नसलेला. सरकारी दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीतला आवाज.

"सरळ उभं ऱ्हावा. खांदे खाली. मोठा श्वास घ्या."

मी घेतला.

"धरून ठेवा. हलू नका."

मी हलले नाही. पट्टी ओढली. पान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरसर सुटलं आणि खाली एक काळा आरसा उघडा पडला. त्यात दिव्याची अख्खी नळी सरळ दिसत होती, कुठेही न मोडता. सरांनी तो झटकन कक्षात सरकवला, दार लागलं, पंप चढला. माझ्या डोळ्यांसमोर ठिपके यायला लागले.

"सोडा," अव्वा म्हणाल्या. मग मी श्वास सोडला.

हवा निघायला दीड तास गेला. अव्वांनी डबा माझ्याकडे सरकवला, पण आकडा येईपर्यंत मी काही खाणार नव्हते. मग त्यांनीही झाकण लावून ठेवलं. आता देवाचा नियम उरलेला नव्हता. तरी त्या जेवल्या नाहीत. शिवशरण सर त्या दीड तासात आईपासून सहा फुटांवर राहिले. भुकेली अव्वा काय करते, हे त्यांना माहीत होतं.

सव्वातीनला आलेख उमटायला लागला. पहिल्यांदा मी कॅल्शियमची जागा बघितली. तिथे रेघ सपाट होती. कितीही वेळ बघितली तरी सपाट. मग पोटॅशियम. कार्बनच्या शेजारी त्याच्या दोन लहान टेकड्या असतात, जोडीने उभ्या. त्या हळूहळू वर आल्या, एकीपेक्षा दुसरी थोडी ठेंगणी, स्वच्छ. सरांनी क्षेत्रफळ काढलं, दगडाच्या आतल्या भागाशी तुलना केली आणि पडद्यावर आकडा आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी अव्वांकडे बघितलं. त्या पडद्याला अगदी चष्मा टेकवून बघत होत्या, ओठ मिटून.

"अव्वा, कसं वाटतं?" मी विचारलं.

"मला न्हाई विचारायचं," त्या म्हणाल्या. "एक्सरे काढनाऱ्यानं रिपोर्ट सांगायचा नसतो. मोडलेलं हाड समोर दिसायचं, बाई विचारायची, ताई काय हो, तरी तीस वर्षं तोंड उघडलं न्हाई मी. शिवशरण पन काढनारा, त्यानं पन सांगायचं न्हाई." त्यांनी खुर्ची थोडी बाजूला घेतली आणि पडद्यासमोर माझ्यासाठी जागा केली. "दगड कुनाचा?"

"माझा."

"मग तू सांग."

मी आकडा पुन्हा वाचला. "निम्मं," मी म्हणाले.

"ऐकू आलं न्हाई."

"निम्मं आहे. जेवढं आत असतं त्याच्या निम्मं. बाकीचं दुसऱ्या पानाकडे गेलं."

"म्हंजे चांगलं का वाईट?"

"चांगलं!" हे मात्र इतक्या मोठ्याने निघालं की दारावरचा शिपाई आत डोकावला आणि घाबरून म्हणाला, "काय झालं, मॅडम?"

मी काही बोलायच्या आत अव्वा उठल्या, पदर सावरला आणि बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर येऊन सांगावं तसं त्याला सांगितलं, "निम्मं झालं. पाहिजे तेवढंच." मग डब्याचं झाकण उघडलं आणि त्यालाही बसायला सांगितलं.